सातव्या पानावरची चौकट

बाईंना मुलं पाठीमागे टाचणी म्हणायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. राग सोडाच, त्यांना त्याचं कौतुकच होतं. टाचणी एवढीशी असते, पण टोचली की माणूस ताठ बसतो, असं त्या शिक्षकांच्या खोलीत स्वतःच सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. मग बाकीचेही हसायचे, कारण हसलं नाही तर पुढची टाचणी आपल्यालाच, हे सगळ्यांना कळत होतं.

सव्वीस वर्षं त्यांनी दहावीला जीवशास्त्र शिकवलं आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या विषयात एकही मूल नापास झालं नाही. ऐकायला छान वाटतं. पण त्यामागचा कारभार असा, की जे पोर नापास होईल असं वाटायचं त्याला त्या वर्गासमोर उभं करून इतकं सोलून काढायच्या, की एक तर ते अभ्यासाला लागायचं, नाहीतर शाळाच सोडून जायचं. शाळा सोडलेली पोरं निकालात धरत नाहीत.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे त्यांच्या नोट्स. बेचाळीस पानं, सगळी स्वतःच्या हातानं लिहिलेली, अक्षर वळणदार, आणि प्रत्येक पानावर एक चौकट. चौकटीत परीक्षेला लागणारं नेमकं वाक्य. मूळ प्रत शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलेली असायची आणि आसपासच्या चार शाळांची पोरंसुद्धा तिथे येऊन 'टाचणीच्या नोट्स द्या' म्हणायची. टाचणीची म्हणे कधी चूक निघत नाही.

सातव्या पानावर आनुवंशिकता होती आणि तिथल्या चौकटीत बाईंनी एक उद्योग करून ठेवला होता. पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं, की आईवडील दोघांच्याही कानाची पाळी गालाला चिकटलेली असेल, तर मुलाचीही सहसा चिकटलेलीच असते. या 'सहसा'ची बाईंना मनस्वी चीड. सहसा म्हटलं की कुणीतरी हात वर करणार आणि विचारणार, मग कधी नसते? परीक्षक हे विचारत नाही. सहसाला मार्क नसतात. म्हणून पहिल्याच वर्षी त्यांनी तो शब्द उडवला आणि वाक्याच्या शेवटी दोन शब्द घातले, 'अपवाद नाही'. तेव्हापासून ते तसंच छापलं जात होतं, आणि आता तर हे दोन शब्द आपल्याच पदरचे आहेत हे बाईंनाही आठवत नव्हतं.

शिकवायच्या मात्र फर्मास. जे खरं ते खरं. पेशीविभाजन शिकवताना त्या म्हणायच्या, वेगळं घर करायचं ठरलं की पेशी आधी घरातल्या प्रत्येक वस्तूची दुसरी प्रत बनवते आणि मग एकेक प्रत एकेका घरात नेते. ना भांडण, ना तंटा. सख्ख्या भावांत अशी वाटणी झालेली कुणी बघितलीये का? नाही ना, मग कांद्याच्या मुळाकडून शिका. वर्ग हसायचा. मग त्या बीजपेशींकडे वळायच्या. तिथे मात्र निम्मंच सामान जातं. निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून. एकेका गुणाच्या दोन चिठ्ठ्या, एक हिची, एक त्याची. सुट्या पाळीची एक चिठ्ठी जरी आली तरी कान सुटा. चिकटलेला कान म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या चिकट. मग असे दोन चिकट कानवाले एकत्र आले, तर पोराला सुटी चिठ्ठी देणार कोण? जे खिशातच नाही ते काढणार कुठून? इथे त्या खरोखर ॲप्रनचा रिकामा खिसा उलटा करून दाखवायच्या.

ही कांद्याची मुळं दाखवायचं काम मात्र मावशींचं. मावशी म्हणजे प्रयोगशाळेतल्या मदतनीस. आठवीपर्यंत शिकलेल्या, एकोणीस वर्षं त्याच खोलीत. बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, चार दिवस मुळं वाढू द्यायची, आणि सकाळी आठाच्या सुमाराला टोकं कापायची, कारण तेव्हा पेशींची विभागणी जोरात असते. मग जरा ॲसिड, जरा ऊब, लाल रंगाचा थेंब, वर पातळ काच, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याचा दाब. सगळी गंमत त्या दाबात. बाईंनी दाबलं की काच तरी फुटायची, नाहीतर पेशींचा लगदा व्हायचा. मावशींनी दाबलं की सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी सुटी दिसायची, गुणसूत्रं मधोमध ओळीत उभी राहिलेली, तर कुठे दोन टोकांकडे निघालेली. बाई वर्गाला सांगायच्या, मी बनवलेल्या स्लाइड नीट सांभाळून बघा. मावशी तिकडे बेसिनपाशी काचा धूत असायच्या.

समोरचा झेरॉक्सवाला हा मावशींचा नवरा. तोही बाईंचाच विद्यार्थी, दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीचा. बाईंनी त्याला वर्षभर ढ म्हणून हाक मारली होती आणि त्यानं ती इमानानं ओ देऊन ऐकली होती. आजही रस्त्यात बाई दिसल्या की तो यंत्र थांबवून उभा राहायचा. या दोघांची एकुलती एक मुलगी त्या वर्षी दहावीत होती आणि वर्गात पहिली येत होती. बाई सोडून सगळ्यांना तिचं कौतुक. बाईंचं म्हणणं, बाप ढ, आई आठवी, आणि पोर पहिली, हे गणित कुठल्या चौकटीत बसतं सांगा. शिवाय पोरीला प्रश्न विचारायची खोड. उद्धटपणा नाही हो, खरंच कळावं म्हणून विचारायची, आणि त्याचाच बाईंना जास्त त्रास व्हायचा.

आनुवंशिकतेचा धडा आला की दरवर्षी घरचा तक्ता आणायचा असे. बापाचा चौकोन, आईचं वर्तुळ, खाली आपण, आणि प्रत्येकाच्या कानाची पाळी बघून रंगवायचं. त्या दिवशी प्रयोगशाळेत भरलेल्या तासाला मागच्या बाकावर मुख्याध्यापक येऊन बसले होते, कारण दोनच दिवसांपूर्वी शिक्षण मंडळाचं पत्र आलं होतं. बाईंच्या नोट्स पुस्तक म्हणून छापून सगळ्या शाळांना द्यायच्या असा विचार चालला होता, आणि त्याआधी एक समिती बाईंचा वर्ग बघायला येणार होती. म्हणून ही रंगीत तालीम. पाच-सहा तक्ते झाले, सगळे नियमात बसले, बाई खुशीत होत्या. आणि मावशींची मुलगी उभी राहिली.

ती म्हणाली, बाई, माझा तक्ता बसत नाही. तीनदा बघितलं, बाबांना चष्मा काढायला लावून बघितलं. दोघांची चिकटलेली आहे आणि माझी सुटी. माझं कुठे चुकलं तेवढं सांगा.

एवढंच विचारलं पोरीनं. चाळीस मुलं आणि एक मुख्याध्यापक बाईंकडे बघत होते. कुणी भलं माणूस असतं तर म्हणालं असतं, बस खाली, उद्या बघून सांगते. पण उद्या सांगते हे वाक्य बाईंनी सव्वीस वर्षांत उच्चारलेलं नव्हतं. त्यांनी हातातली फूटपट्टी उचलली आणि बेसिनकडे बघून हाक मारली.

"मावशी, इकडे या. केस मागे घ्या."

मावशी ओल्या हातांनीच आल्या. बाईंनी त्यांना वर्गाकडे एक बाजू करून उभं केलं, फूटपट्टीच्या टोकानं कान दाखवला आणि म्हणाल्या, चिकटलेली. वडलांचा कान आपण समोरच्या दुकानात रोज बघतो, तोही चिकटलेला. मग मुलीला आईशेजारी उभं करून तिचा कान दाखवला. सुटी. म्हणजे निरीक्षण बरोबर आहे, शाब्बास. आणि नियम तर बरोबर आहेच.

"मग चुकलं कोण?" बाईंनी वर्गाला विचारलं, जरा थांबल्या, आणि मुलीला म्हणाल्या, "ते घरी गेल्यावर आईला विचार."

वर्ग खो खो हसला. पंधरा वर्षांची पोरं ती, त्यांना बरोबर कळलं. मुख्याध्यापकांनी घड्याळात बघितलं. मावशी काही क्षण तशाच केस धरून उभ्या होत्या, मग परत बेसिनपाशी गेल्या आणि त्यांनी नळ सोडला. मुलगी एकटी हसली नव्हती. ती तक्त्याकडे बघत होती, एखादं गणित अडलं की बघायची तशीच, आणि तिला उत्तर सापडत चाललेलं बाईंना दिसलं. बाईंनी पुढच्या मुलाला उभं केलं.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, पण पुढे जे व्हायचं ते झालंच. संध्याकाळपर्यंत झेरॉक्सच्या दुकानावर पोरांची रांग लागली. एरवी एकेकटी येणारी पोरं सातवं पान काढायला सहा-सहा जण मिळून येत होती, आणि पैसे देताना वाकून वाकून त्याचा कान बघत होती. पहिल्यांदा त्याला वाटलं, कानाला शाई लागलीये. त्यानं रुमालानं पुसलासुद्धा. मग एकानं पान त्याच्यासमोर ठेवून चौकटीवर बोट ठेवलं. या चौकटीच्या त्यानं स्वतःच्या हातानं हजारो प्रती काढल्या होत्या, पण वाचली त्या दिवशी पहिल्यांदा.

बाईंनाही त्या रात्री झोप लागली नाही. मावशींसाठी नव्हे. प्रश्न अडला होता म्हणून. पोरीचा कान सुटा होता, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि मावशींना त्या एकोणीस वर्षं ओळखत होत्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना फोन लावला. तेही त्यांचेच जुने विद्यार्थी. समितीसमोर कुणी विचारलं तर असावं म्हणून विचारते, असं म्हणून त्यांनी प्रश्न घातला. प्राध्यापक दिलखुलास हसले. म्हणाले, बाई, ते अजून शिकवताय? ते कधीच मोडीत निघालं. कानाच्या पाळीमागे एक नाही, पुष्कळ जनुकं असतात, दोघं चिकट आणि पोर सुटं अशी घरं ढिगानं सापडतात. त्यावरून बाप ठरवायला लागलो तर निम्म्या गावाला बाप उरणार नाहीत.

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. मग कपाटातून पाठ्यपुस्तक काढलं, ते पान उघडलं, आणि तिथे 'सहसा' हा शब्द त्यांना दिसला. बराच वेळ बाई त्या शब्दाकडे बघत बसल्या. मग पुस्तक कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं. त्या कपाटाला त्या एरवी कधी कुलूप लावत नसत.

तिसऱ्या दिवशी झेरॉक्सवाला आला. शाळा सुटली होती, बाई एकट्याच वह्या तपासत होत्या. तो दारातच उभा राहिला. या म्हटल्यावर आत आला, पण बसला नाही. बाईंसमोर तो कधी बसलेला नव्हता. हातात सातवं पान होतं, चार घड्या घातलेलं. बायको म्हणतेय तिच्या मनात काही काळंबेरं नाही, असं त्यानं सांगितलं. ती म्हणतेय हवं तर शहरात जाऊन रक्त तपासून घ्या. पण बाई, मशीनवर माझा विश्वास नाही. रोज मशीनच चालवतो, दिवसातून दहा वेळा कागद खातं.

"मी ढ होतो, तुम्हीच म्हणायचात," तो म्हणाला. "मला चिठ्ठ्या-बिठ्ठ्या कळत नाहीत. तुम्ही एका शब्दात सांगा. अपवाद नाही म्हणजे अजिबातच नसतो, का कधीमधी असतो? तुम्ही असतो म्हणालात तर मी आत्ता घरी जातो आणि पोरीला घेऊन जेवायला बसतो. दोन दिवस ती माझ्याकडे बघत नाहीये."

एक शब्द हवा होता. 'असतो' हा शब्द उच्चारायला किती वेळ लागतो? बाईंच्या तोंडापर्यंत तो आला होता, हे खरं. पण त्याच्यापाठोपाठ दुसरंही आलं. हा जाऊन बायकोला सांगणार, बायको शाळेत बोलणार, उद्या मधल्या सुट्टीपर्यंत पोरं एकमेकांना सांगणार की टाचणीच्या नोट्समध्ये चूक निघाली. मग मुख्याध्यापक, मग समिती, मग ते पुस्तक. सव्वीस वर्षांची कमाई कुणा एकीच्या कानापायी मातीत घालवायची? आणि याच्याही तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती बाईंनी स्वतःशीसुद्धा कबूल केली नसती. या ढ माणसाची पोर वर्गात पहिली यायची, ते त्यांना सलत होतं. ती याची नसेलच, असं म्हणायला मिळत होतं. खोटं आहे हे ठाऊक असूनही ते म्हणायला त्यांना गोड लागत होतं. माणूस इतका नीच असू शकतो का, तर असू शकतो, आणि वर नीटनेटक्या अक्षरात वह्याही तपासू शकतो.

"छापलंय ते बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे नसतो."

"नसतो."

त्यानं मान हलवली. मग खांद्यावरच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नोट्सची मूळ प्रत काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, तुमची वस्तू तुमच्याकडे, मी दुकान बंद करतोय. बेचाळीसच्या बेचाळीस पानं आहेत, मोजून घ्या. आणि जाताना बाईंच्या पाया पडल्यासारखा जरा वाकला. सवयच होती त्याला.

आठवड्याभरात यंत्र विकून तो परगावी भावाकडे निघून गेला. पोरीला भेटला नाही. तिच्यासाठी एक वही मागे ठेवून गेला, कोरी.

मग मावशी आल्या. रडत-ओरडत नाही आल्या, संध्याकाळी स्लाइड पुसून झाल्यावर, काम झाल्याचं सांगायला याव्यात तशा आल्या. त्यांनी सांगितलं की मुलगी घरात वेगळं ताट घेऊन बसते, आईच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही, आणि रोज जेवताना एकच प्रश्न विचारते, 'तो कोण?' मावशी तिला सांगतात की बाबाच. मग ती ताट उचलून आत जाते.

"बाई, तो धडा मी एकोणीस वर्षं ऐकतेय. तुमच्याइतकाच मला पाठ आहे," मावशी म्हणाल्या. "पण माझं मलाच माहीत आहे ना. त्यांच्याशिवाय मी कुणाच्या सावलीलाही उभी राहिलेली नाही. म्हणजे नियमातच कुठेतरी काहीतरी राहिलं असणार. तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. जरा शोधून बघा, तुम्हाला सापडेल."

बाईंना ते केव्हाच सापडलं होतं. पाठीमागच्या कपाटात कुलपात होतं. त्या म्हणाल्या, "मी शाळेत शिकवते मावशी. लोकांच्या घरात डोकावत नाही."

हे त्यांनी म्हणावं! ज्यांनी भर वर्गात फूटपट्टीनं घर उघडं केलं, त्यांनी! पण मावशींना भांडायचं नव्हतं, त्यांना फक्त पोर परत हवी होती. नवरा गेला तो गेला, त्याचं मी बघून घेईन, असं त्या म्हणाल्या. पोरीला तरी एकदा बोलावून सांगा. ती माझं ऐकत नाही, पण तुमचं ऐकते. तुमचं वाक्य तिला काळ्या दगडावरची रेघ. बाई म्हणाल्या, परीक्षा होऊ दे, मग बघू. परीक्षेआधी मुलांचं मन विचलित करू नये. मावशींना ते पटलं बिचारीला. त्या हो म्हणून गेल्या, आणि तेव्हापासून परीक्षेचे दिवस मोजू लागल्या.

शाळेतल्या पूर्वपरीक्षेचा पेपर बाईंनीच काढलेला होता. छापखान्यातून तपासणीसाठी कच्ची प्रत आली तेव्हा चौथा प्रश्न समोर आला. दोघांच्याही कानाच्या पाळ्या चिकटलेल्या असलेल्या जोडप्यास सुट्या पाळीचे अपत्य होऊ शकेल काय? सकारण लिहा. गुण दोन. हा प्रश्न दरवर्षी असायचा. एक रेघ मारून दुसरा घालायला दोन मिनिटं लागली असती, आणि छापखान्याचा माणूस दारात उभाच होता. बाईंनी पेन उचललं. मग त्यांच्या मनात आलं, की हाच प्रश्न यंदा नसला तर लोक म्हणतील, पाणी मुरतंय. त्यांनी एका ठिकाणचा स्वल्पविराम सुधारला, सही केली आणि प्रत परत दिली.

पेपर तपासायला घेतले तेव्हा त्यांनी त्या मुलीचा पेपर सगळ्यात शेवटी ठेवला. मनातून त्यांना वाटत होतं, की तिनं भांडावं. 'होऊ शकतं' असं लिहावं, मी स्वतः आहे असं लिहावं. मग लाल शून्य देता आलं असतं, आणि शून्य दिल्यावर त्या पोरीचा रागही करता आला असता. पण पोरीनं आईची बाजू घेतलेली नव्हती. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ होतं. चौकोन काढला होता, वर्तुळ काढलं होतं, चिठ्ठ्या मांडल्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं, 'नाही. अशा जोडप्यास सुट्या पाळीचे अपत्य होऊ शकत नाही. अपवाद नाही. झाल्यास वडील दुसरे कोणीतरी आहेत आणि आई खोटे बोलत आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग समासात दोन लिहिले आणि खाली बारीक रेघ ओढली.

तेवढ्यात मावशी आत आल्या. दुसऱ्या दिवशी समिती येणार होती, त्यासाठी कांदे मांडलेल्या बाटल्या दाखवायला त्या ट्रे घेऊन आल्या होत्या. मुळं छान आली होती, पांढरीशुभ्र, बोटभर. ट्रे ठेवताना त्यांना पेपरवरचं अक्षर दिसलं. आईला पोरीचं अक्षर वाचायला जवळ जावं लागत नाही. त्यांनी विचारलं, बघू का? बाईंना नाही म्हणता आलं असतं, नियमच होता तसा. पण त्यांनी पेपर पुढे सरकवला. का सरकवला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मावशींनी हात पुसले आणि उभ्या उभ्या वाचलं. एकेक शब्दावरून बोट फिरवत वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. बाई त्यांच्या तोंडाकडे न बघता ट्रेमधल्या मुळांकडे बघत होत्या. अजूनही वेळ गेलेली नव्हती. दार उघडं होतं, मुलगी खाली पटांगणात होती, हाक मारली असती तर आली असती.

"हे शेवटचं वाक्य तुमच्या नोट्समध्ये नाही," मावशी म्हणाल्या.

"नाही."

"मग त्याचे मार्क कापायला हवे होते ना?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मूळ उत्तर बरोबर असलं," त्या म्हणाल्या, "तर जास्तीच्या वाक्याचे मार्क कापत नाहीत."

मावशींनी मान हलवली. पेपर उलटा करून क्रमानं गठ्ठ्यात ठेवला, गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या, आणि ट्रे उचलला. दारापाशी गेल्यावर त्यांनी विचारलं, उद्या मुळं आठालाच कापायची ना? बाई म्हणाल्या, साडेसातला कापा, समिती लवकर येतेय. मावशी बरं म्हणाल्या आणि प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी काचा धुवायला घेतल्या.